डाव्या बाजूचे रणगाडे

माझा दादा मुद्दाम हरतोय, असा संशय मला पहिल्यांदा आला तो अण्णा नगरमधल्या माझ्या घरी, एका रविवारी सकाळी.

आमचे वडील साताऱ्याहून नोकरीसाठी चेन्नईला आले आणि आम्ही दोघं इथेच वाढलो. लहानपणी घरात एक व्हिडिओ गेम होता. पिवळ्या कॅसेटी, दोन रिमोट, आणि टीव्हीच्या मागे खोचायची एक वायर जी सारखी सैल व्हायची. त्यात रणगाड्यांचा एक गेम आम्हाला जिवापाड आवडायचा. वरून शत्रूचे रणगाडे उतरत, खाली विटांच्या आड आमचा किल्ला. डावी बाजू दादाची, उजवी माझी; शेवटी ज्याने जास्त रणगाडे उडवले तो जिंकला. दादाच्या बाजूने कधी कोणी आत शिरलं नाही. माझ्या बाजूने रोज शिरायचे. दादा नेम धरता धरता मला ओरडायचा, "झोपलीस का? उजवीकडे बघ!" आई स्वयंपाकघरातून आम्हा दोघांना ओरडायची.

दादा लबाडही होता. एकदा त्याने मला न जोडलेला रिमोट देऊन दोन दिवस खेळवलं होतं. पडद्यावर फिरायचा तो त्याचाच रणगाडा; तो माझा समजून, इतका शहाण्यासारखा कसा वागतोय, म्हणून मी खूश. त्यामुळे त्याच्यावर संशय घेणं ही माझी जुनी सवय.

मागच्या वर्षी माझी नोकरी गेली. तेव्हापासून सगळे माझ्याशी जपून बोलू लागले. दादाच्या वाढदिवसाला मी एक छोटा डबा आणला, टीव्हीला जोडला की त्यात ते सगळे जुने गेम. त्यानंतर दर रविवारी तो आणि वहिनी अंबत्तूरहून स्कूटरवर यायचे आणि जेवणाआधी आम्ही दोघं खेळायचो. पहिले काही आठवडे बहार आली. बोटांना सगळं आठवत होतं.

मग दादा हरू लागला. रणगाडे डावीकडून, त्याच्याच बाजूने सरळ खाली यायचे आणि तो ढिम्म. किल्ला उडाला की म्हणायचा, "छान खेळलीस."

"दादा, मला दया नको," मी एकदा फटकन म्हणाले.

"कसली दया?"

"पोय सांगू नकोस." पोय म्हणजे खोटं; भांडताना हा शब्द आमच्या तोंडात तमिळच येतो. "तुझ्या बाजूने चार गेले. तू बघत होतास."

"कोणी गेलं नाही माझ्या बाजूने," तो म्हणाला. आवाजात चेष्टा नव्हती. त्यानेच मी जास्त चिडले.

जेवायला बसलो. दोन घास झाल्यावर दादाने विचारलं, "आज चटणी नाही केलीस?"

चटणी ताटात होती. डावीकडे, मीठ-लिंबाशेजारी, जिथे आपण वाढतो तिथेच. वहिनीने ताट थोडं फिरवलं. दादाने चटणी पाहिली आणि खाल्ली. मी वहिनीकडे पाहिलं, तिने नजर चुकवली. आता मला दोघांचाही संशय आला. दादा पितो की काय? त्याचीही नोकरी गेली आणि हे माझ्यापासून लपवताहेत?

ते निघाले तेव्हा मी खाली सोडायला गेले. स्कूटरच्या डाव्या अंगाला लांब ओरखडा होता, डावा आरसा फुटलेला. "पार्किंगमध्ये कोणीतरी घासली," दादा म्हणाला. वहिनी हलकेच म्हणाली, "दुसऱ्यांदा."

आठवडाभर मला चैन पडेना. पुढच्या रविवारी मी खेळ मध्येच थांबवला.

"पडद्यावर रणगाडे किती आहेत?"

"दोन. का?"

चार होते. "मान डावीकडे वळव बरं."

त्याने मान वळवली आणि दचकला. "हे कुठून आले? तू काहीतरी केलंस."

"मी हात नाही लावला, दादा."

"लावलास! तुला जिंकायचंय म्हणून…" तो बोलता बोलता थांबला. रिमोट खाली ठेवून त्याने पुन्हा समोर पाहिलं, पुन्हा मान वळवली. मग वहिनीकडे बघून लहान मुलासारखं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुमचं लक्ष नसतं," वहिनी म्हणाली आणि रडायलाच लागली.

त्याच दुपारी आम्ही रिक्षाने हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोर बोटं हलवली, एका रेघेचा मध्य दाखवायला सांगितला, मग मेंदूचा फोटो काढला. मेंदूच्या उजव्या बाजूला छोटासा झटका येऊन गेला होता, काही आठवड्यांपूर्वी. हातपाय धड, बोलणं धड, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. डावीकडचं जग त्याच्यापुरतं पुसलं गेलं होतं, आणि पुसलं गेलंय हेही त्याला कळत नव्हतं. "नशीब, स्कूटरवर ओरखड्यांवरच निभावलं," बाई म्हणाल्या.

दादाने त्यांच्यावरही विश्वास ठेवला नाही. रात्री वॉर्डात मला म्हणाला, "ह्यांची मशीन बिघडलेली असेल." मी त्याच्या डाव्या अंगाला जाऊन बसले. मी तिथे आहे हे त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्याने माझा हात घट्ट धरला आणि नंतर मशीनचं नाव काढलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या, व्यायाम सुरू झाले. मुद्दाम मान वळवून बघायची सवय लावायला चार-पाच महिने गेले. हळूहळू बरंचसं परत आलं. स्कूटर मात्र विकली. आता तो कामाला, त्याच्या कारखान्यात, लोकल ट्रेनने जातो, शेजारच्या एका सहकाऱ्यासोबत. उतरला की मला फोन करतो.

"पोचलो."

"खरंच? की घरीच आहेस?"

"अगं, स्टेशनवर उभा आहे!"

मागे तमिळमधली घोषणा ऐकू येईपर्यंत मी फोन ठेवत नाही.