धाकटीच्या गाढवाचं प्रकाशन

धाकटी गेली आणि मग तिच्या नावाने हॉल घेतला. जिवंतपणी कोणी तिला साधी खुर्ची पुढे केली नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

धाकटी लहान मुलांची चित्रांची पुस्तकं छापायची. मोठा कारभार नव्हताच. मागच्या खोलीत एक टेबल, चित्रांचे गठ्ठे आणि पलंगाखाली खोकी. लोक म्हणायचे, पोरं फाडून टाकतात, कशाला एवढा जीव काढतेस. ती म्हणायची, "फाडली तर फाडली. कपाटात ठेवलेलं पुस्तक मला बघवत नाही."

नवं पुस्तक आलं की तिची एकच पद्धत. सामान भिंतीला सरकवायचं, खाली चादरी टाकायच्या आणि पुस्तकं उघडी पसरून ठेवायची. मुलं आत, मोठी माणसं दारात उभी. मुलांचं शेवटचं पान होईपर्यंत मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. एकदा एक मास्तर सवयीने "तर मुलांनो" म्हणाले, धाकटीने त्यांना सरळ चपला घालायला लावल्या. थोरल्या बहिणीने कपाळावर हात मारला.

"अगं, माणसं तोडशील अशाने."

"मोठे लोक गोष्ट सांगून टाकतात गं ताई. मग पोरांनी बघायचं काय?"

शेवटचं पुस्तक गाढवाचं. भर रस्त्यात गाढव बसतं आणि सगळं गाव त्याला उठवायला लागतं. ओढतात, ढकलतात, कानाशी बँड वाजवतात. अक्षर एक नाही, नुसती चित्रं. ते छापून येईपर्यंत धाकटी राहिली नाही. दवाखान्यात थोरलीचा हात धरून एवढंच म्हणाली, "ताई, गाढवाच्या आधी कोणाला बोलू देऊ नकोस." नर्सला वाटलं बाई तापात बरळतेय. थोरलीला सगळं कळलं, ती हो म्हणाली.

धाकटीचा नवरा माणूस वाईट नाही, पण मोठा माणूस दिसला की त्याचा कणा वाकतो. त्याच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी हॉल मिळवून दिला, मग काय. स्टेज काय, फुलं काय, धाकटीचा दाराएवढा फोटो काय. पाच पुस्तकं सोनेरी रिबिनीने बांधून ट्रेमध्ये ठेवली, बाकीची खोक्यांमध्ये टेप लावून दाराशी. आणि ज्यांच्यासाठी पुस्तक, ती मुलं शेवटच्या रांगेत, पाय लोंबकळत, तोंडावर बोट.

थोरलीने त्याला बाजूला घेतलं. "जावईबापू, आधी मुलांना पुस्तकं द्या."

"भाषणं झाली की देऊ ना ताई. साहेबांना घाई आहे."

"घाई आहे तर जाऊ दे त्यांना."

"हळू बोला हो, माइक चालू आहे."

साहेबांनी रिबीन सोडली, पुस्तक फोटोपुरतं छातीशी धरलं आणि न उघडता खाली ठेवलं. मग सुरू झाले. "तर मुलांनो, रस्त्यात एक गाढव बसलंय. आता शेवटी काय होतं बरं?"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, दाराशी गेली, तिच्याजवळ असलेल्या धाकटीच्या घराच्या किल्लीने खोक्यांच्या टेपा फाडल्या आणि पुस्तकं वाटायला लागली. मुलं खुर्च्यांवरून घसरून खालीच बसली. धाकटीचा नवरा धावत आला.

"ताई, लोक बघतायत."

"बघू देत. बघायलाच बोलावलंय ना त्यांना?"

साहेबांचं चालूच. "सगळं गाव एक होतं, जोर लावतं आणि गाढव उठतं. याला म्हणतात एकजूट." टाळ्या पडल्या.

खाली बसलेली एक मुलगी मान वर न करता म्हणाली, "ते उठत नाही."

"उठतं बाळा, शेवटी उठतं."

"नाही उठत. लोक रस्ताच वळवतात. हे बघा." तिने शेवटचं पान उघडून वर धरलं. शेजारचा म्हणाला, "झोपलंय ते. घोरतंय."

साहेबांनी लांबूनच बघितलं आणि धाकटीच्या नवऱ्याला म्हणाले, "चुकून राहिलेलं दिसतंय. पुढच्या छपाईत उठवून घ्या."

आणि हा बाबा काय म्हणाला? "हो साहेब, घेतो." बायकोच्या फोटोखाली उभं राहून म्हणाला. जिने चित्रकाराकडून एक एक चित्र चार चार वेळा काढून घेतलं, तिच्या फोटोखाली.

मुलांच्या हातात पुस्तकं पडली होती, ती काढून घ्यायची कोणाची हिंमत नव्हती. थोरली रिक्षा करून तडक धाकटीच्या घरी गेली, मागच्या खोलीतला गाढवाच्या चित्रांचा गठ्ठा उचलला आणि आपल्या घरी आणला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "ताई, चार लोकांत माझा पाणउतारा केलात. आणि चित्रं कुठेयत? छपाईला लागतील."

"पाणउतारा तुमचा तुम्हीच केलात, हो साहेब म्हणालात तेव्हा," थोरली म्हणाली. "चित्रं माझ्याकडे आहेत. गाढव बसलेलं छापणार असाल तर न्यायला या."

अजून तो आलेला नाही.