नवरंगाचा सौदा

मी हेडी. बैल घेतो, बैल विकतो. बाप दुसऱ्याच्या शेतात सालगडी होता, त्यामुळे वारशानं जमीन मिळाली नाही आणि आडनावाचा दबदबाही मिळाला नाही. पोरवयात दलालांची जनावरं हाकत पायी बाजारोबाजार फिरलो, तिथंच धंदा शिकलो. आज दारात स्वतःचा टेम्पो उभा आहे. या सगळ्याच्या बुडाशी एकच गोष्ट आहे, माझा शब्द. बैलाचं वय दातांवरून ठरतं; मी बैल चारदाती म्हटला की घेणारा त्याचा जबडा उघडून बघत नसे. हा शब्द भर बाजारात मोडला गेला, आणि तोही एका पाखरावरून.

मृगाच्या आधीचे दिवस होते. औंढ्याकडून लाल कंधारी जोडी घेऊन येत होतो. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं टेम्पो तापला. त्याला गार व्हायला सोडून मी खालच्या ओघळीत उतरलो. तिथं सागाची आणि पळसाची दाट गर्दी आहे, खाली ढोपरभर वाळला पाला. तेवढ्यात शीळ ऐकू आली. दोनच सूर, पहिला वर जाणारा, दुसरा खाली येणारा. मला वाटलं कुणीतरी माझ्या बैलांना बघून शीळ घालतंय. वळलो तर माणूस नव्हता. पाल्यात एक पाखरू होतं. बुलबुलापेक्षा जरा जाड, शेपटी कुणी छाटून टाकावी तशी आखूड. पाठ हिरवी, पोट पिवळसर, डोळ्यावरून काळा पट्टा, खांद्यावर निळा तुकडा चमकत होता. ते उड्या मारत चालायचं, चोचीनं पान उलटायचं, किडा टिपायचं. मग पाठमोरं झालं आणि शेपटीखाली लाल दिसलं, कुंकवासारखं. टेम्पोत बसल्यावर मोबाईलमध्ये शोधलं. चित्र सापडलं आणि नावही. नवरंग.

पुढच्या बाजारात कडुनिंबाखाली डॉक्टर बसले होते. डॉक्टर म्हणजे आमच्या तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर. बाजारात लस टोचतात, आजारी जनावर ओळखतात, आणि बाकीच्या वेळात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन पाखरांमागं हिंडतात. त्यांचा शब्द बाजारात माझ्याहून वरचा. मी आपला आनंदानं सांगायला गेलो.

"डॉक्टरसाहेब, परवा नवरंग बघितला. सिद्धेश्वरच्या ओघळीत."

"कुठं बसला होता?"

"बसला न्हाई. पाला उलटून राहिला होता."

"पाणी होतं जवळ?"

"डबकं होतं लहानसं."

"आणि अंगावर निळं?"

"व्हय, खांद्यावर. लई चमकत होतं."

डॉक्टर हसले. "अहो शेठ, खंड्या तो! मी इतकी वर्षं कॅमेरा घेऊन उन्हातान्हात हिंडतोय, मला आपल्याकडं नवरंग दिसला नाही, आणि तुम्ही लघवीला उतरलात तर तुम्हाला दिसला?"

"खंड्याची चोच मला कळत न्हाई काय? ह्याची आखूड होती."

"बैलाचे दात मोजणं वेगळं आणि पाखरू ओळखणं वेगळं."

सगळे हसले. तिथवर मी गिळलं असतं. पण तिथं एक हेडी होता, टकलावर कायम काळी टोपी, माझं गिऱ्हाईक फोडायला टपलेला. तो मोठ्यानं म्हणाला, "दातांचं बी असंच सांगत असंल, डॉक्टर!"

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. लोकांनी धरलं. धरताना लोक हसतच होते.

त्या दिवसापासून बाजारात नवरंग हा खोट्या मालाचा शब्द झाला. बैलाजवळ गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "शेठ, चारदाती हाय का नवरंग हाय?" मग माझ्या डोळ्यांदेखत जबडा उघडायचं, बोट घालून दात मोजायचं. पेरणीच्या तोंडावर, जेव्हा बाजार सगळ्यात गरम असतो, तेव्हा माझे बैल दावणीला उभे राहिले आणि काळी टोपी आपले बैल विकून मोकळी झाली. टोपीवाल्याला मी हिशेबात धरत नाही. कुत्रं भुंकणारच. पण हाड डॉक्टरांनी टाकलं होतं. शब्द डॉक्टरांनी मोडला होता, तेव्हा तो त्यांच्याच तोंडून, त्याच कडुनिंबाखाली परत घ्यायचा, हे मी एका रात्री जेवताना ठरवलं.

बायको म्हणाली, "फोटू काढा अन् मारा त्यांच्या तोंडावर."

"नेटवरून उचलला म्हणतील. मला त्यांच्या डोळ्यानं दाखवायचाय अन् त्यांच्या तोंडानं वदवायचाय."

"एका पाखरापायी?"

"पाखराचं काय घेऊन बसलीस? माझ्या बैलाच्या तोंडात लोक बोटं घालून राहिले."

वर्षभर मी दुसरं डोक्यात येऊ दिलं नाही. दुर्बीण घेतली. कनेरगाव नाक्याच्या धाब्यावर टेम्पो लावून मोबाईलवर त्याची शीळ ऐकत बसायचो, धाब्यावरची पोरं माझ्याकडं बघायची. खंड्याच्या, नीलपंखाच्या, हळद्याच्या शिळा आणि चित्रं पाठ केली, कारण डॉक्टर उलटतपासणी घेणार हे मला माहीत होतं. खंड्या पाण्यावर नजर लावून फांदीवर बसतो, पाल्यात पायी हिंडत नाही. हळद्या झाडाच्या शेंड्यात राहतो, खाली उतरतो तो क्वचित. नवरंग जमिनीवरचा. उडालाच तर पंखात पांढरा ठिपका दिसतो. डोळ्यावरचा काळा पट्टा मानेपर्यंत जातो आणि गळा पांढरा असतो. बैलाची खोड जशी पाठ करतो तसं हे सगळं पाठ केलं.

पुढच्या वर्षी रोहिणी लागली तसा मी पहाटे ओघळीत जाऊन बसू लागलो. पहिले काही दिवस नुसती शीळ. दुर्बीण डोळ्याला लावली की शीळ बंद. मी चिडून दगड भिरकावला, शिव्या दिल्या, परत आलो. मग एका सकाळी माझं मलाच हसू आलं. ज्या बैलावर मन बसलंय त्याच्याकडं बघायचं नसतं, हे मी दहा वर्षांचा असताना शिकलोय. बघितलं की मालक भाव चढवतो. शेजारच्या बैलाची वेसण चाचपायची, तंबाखू मळायची, आणि कडेच्या नजरेनं आपला बैल बघायचा. मी दुर्बीण खाली ठेवली. समोरच्या खोडाकडं बघत तंबाखू मळत बसलो. थोड्या वेळानं डावीकडं पानं सळसळली. मी मान वळवली नाही. तो उड्या मारत करवंदीच्या जाळीतून बाहेर आला, आखूड शेपटी हळूहळू वरखाली करत, आणि मुळाशी पाला उलटू लागला. मध्येच थांबून मान मागं टाकली आणि दोन सुरांची शीळ घातली. इतक्या जवळून ती माझ्या छातीत वाजली. तो देखणा होता, हे मी मान्य करतो. पण मला त्याचा देखणेपणा नको होता. मला साक्षीदार हवा होता.

शीळ मोबाईलमध्ये भरून घेतली. बाजाराच्या दिवशी डॉक्टर एका गोऱ्ह्याला सुई टोचत होते. मी शेजारी उभा राहिलो आणि काही न बोलता ती वाजवली. डॉक्टरांचा हात तसाच थांबला.

"कुठली ही? शेठ, कुठं भरली?"

"काय की बुवा. खंड्या असंल."

संध्याकाळी ते माझ्या दारात. चहा झाला. खुर्चीच्या टोकावर बसले होते, गरजू गिऱ्हाईक बसतं तसे.

"दाखवा शेठ. काय म्हणाल ते."

"दाखवतो. मग कडुनिंबाखाली उभं राहून सांगायचं. मोठ्यानं. की नवरंगच होता, अन् चूक तुमची होती."

"सांगतो ना. एका बाजारात सांगतो."

"किती बाजारांत, ते ओघळीत ठरवू."

"आत्ताच ठरवू की."

"घाई काहून करता? माल तर बघा आधी."

सौद्याचा आकडा कधीच घरी ठरवू नये. गिऱ्हाईक मालाजवळ उभं असतं तेव्हा ठरवावा.

पहाटे आम्ही दोघं ओघळीत बसलो. डॉक्टरांनी कॅमेरा मांडीवर घेतला आणि झाडांच्या फांद्या बघायला लागले. उजाडता उजाडता शीळ झाली. भिंग फांदीवरून फांदीवर फिरत होतं. तो मात्र समोर पंधरा हातांवर पळसाच्या मुळाशी पाला उलटत होता. मला दिसत होता. त्यांना दिसत नव्हता. पाल्यात ऊन आणि सावली चिरफाळलेली असते, त्यात इतके रंगही विरघळून जातात. नजर खाली आल्याशिवाय तो सापडत नाही.

बोलणं शक्य नव्हतं. मी खांद्यावरचा रुमाल काढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. बैलबाजारात भाव असाच होतो. रुमालाखाली बोटं धरायची, जितकी बोटं तितका आकडा, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. डॉक्टरांनी हे हजार वेळा बघितलेलं. त्यांनी चमकून माझ्याकडं बघितलं. मी त्यांची पाचही बोटं धरली. पाच बाजार.

त्यांनी हात हिसडला, आणि माझं एक बोट धरलं.

शीळ पुन्हा झाली, अगदी जवळ. डॉक्टर फांद्यांत शोधत होते. मी रुमाल उचलल्यासारखं केलं आणि उठायला गुडघा टेकला. त्यांनी झटकन माझा हात धरून खाली ओढला. दोन बोटं. मी मान हलवली आणि त्यांची तीन बोटं आवळली. त्यांनी डोळे मिटले, मग माझा पंजा दाबला. सौदा झाला, तीन बाजारांवर. मग मी रुमालाखालूनच त्यांचं मनगट वळवलं आणि त्यांच्याच बोटानं पळसाचं मूळ दाखवलं.

डॉक्टरांना दिसला. कॅमेरा मांडीवरून घसरून पाल्यात पडला, तो त्यांनी उचललाही नाही. तोंड लहान पोरासारखं उघडं. तो पाठमोरा झाला, लाल दिसलं, आणि डॉक्टरांच्या तोंडून "अरे, अरे" एवढंच निघालं. ते खूष होते. मला त्याचाच राग आला. मी त्यांना हरवायला आणलं होतं आणि ते जत्रेत आल्यासारखे बसले होते. मी खडा उचलून ओघळीत टाकला. नवरंग उडाला, पंखातला पांढरा ठिपका चमकला, आणि गेला.

"का हो?" डॉक्टर म्हणाले.

"बाजारात भेटू."

पहिल्या बाजारात डॉक्टर कडुनिंबाखाली उभे राहिले आणि कागद वाचल्यासारखं बोलले. शेठनी पाहिलेला पक्षी नवरंगच होता, माझ्याकडून गैरसमज झाला, वगैरे. मग काळी टोपी म्हणाली, "घ्या! शेठनं डॉक्टरला बी नवरंग इकला!"

जो हशा उठला तो मागच्या वर्षीपेक्षा मोठा होता. "डॉक्टर, किती दाती होता?" "लस दिली का त्याला?" डॉक्टर आधी हसले. मग हसू आटलं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी तो चेहरा पोटभर बघितला. वर्षभर तो माझा चेहरा होता.

जाताना ते म्हणाले, "शेठ, लोकांना पटतच नाही. मी काय करू?"

"मला बी पटवता येत नव्हतं. अजून दोन बाजार हायेत."

दुसऱ्या बाजारापर्यंत त्यांना लोकांनी नवरंग डॉक्टर करून टाकलं होतं. लस टोचायला गेले त्या गोठ्यांतही तेच. त्या दिवशी कागदी बोलणं नव्हतं. कुणीतरी मागून शीळ घातली आणि डॉक्टर भडकले. बैलगाडीवर चढले आणि टोपीवाल्याकडं बोट करून ओरडले, "तुझ्या बैलाला खुरकूत नाही म्हणून सांगितलं तेव्हा ऐकलंस ना? तेव्हा हे तोंड खरं होतं ना? तेच तोंड सांगतंय! पाठ हिरवी होती, खांदा निळा होता, शेपटीखाली लाल होता! नवरंग होता! ह्या माणसानं पाहिला, मी पाहिला नव्हता, आणि मी त्याला खोटा ठरवला! चूक माझी!"

बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येऊ लागल्या. टोपीवाला आपल्या बैलाची शिंगं पुसायला लागला. दुपारी हट्टा गावच्या एका शेतकऱ्यानं माझ्या बैलाबद्दल विचारलं. मी म्हणालो, सहादाती. त्याचा हात जबड्याकडं गेला आणि अर्ध्यातून खाली आला. त्याच्या मागचा मात्र उघडून बघूनच गेला. काही दिवस लागतील.

तिसऱ्या बाजारात डॉक्टर माझ्याजवळ आले. "मिटलं ना आता शेठ? आज तीन गावांत लस आहे, मला लवकर निघायचंय."

"मिटलं."

"मग जातो."

"बोटं तीन होती, डॉक्टरसाहेब. हात दिलाय तुमी."

हात दिल्यावर मागं फिरणारा माणूस बाजारात उभा राहू शकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते कडुनिंबापाशी गेले. सावली तोवर सरकली होती, त्यांना उन्हात उभं राहावं लागलं. ऐकायला कुणी नव्हतं. जो तो आपापल्या सौद्यात. एका म्हातारीची शेळी तेवढी त्यांच्या पिशवीला तोंड लावत होती. डॉक्टरांनी तिला बाजूला सारलं, घसा साफ केला आणि पाठीच्या हिरव्या रंगापासून सुरुवात केली.

मी टेम्पोच्या सावलीत बसलो होतो. हात वर करून पुरे म्हणता आलं असतं. शेपटीखालचा लाल येईपर्यंत मी म्हटलं नाही.