म्हणे, सगळी सिस्टिम असेंब्लीत लिहा!

"सगळी ऑपरेटिंग सिस्टिम असेंब्लीत लिहून काढायची. होईल की नाही, एवढं एका पानावर द्या. आणि मॅडम, उत्तर 'होईल' असंच हवंय."

आमचे मालक शेटे सर दारात उभ्या उभ्या एवढं बोलले आणि निघाले. मी त्यांना आत बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. असलं काही उभ्यानं ऐकायची माझी तयारी नव्हती.

महाडच्या एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. केमिकल कारखान्यांसाठी आम्ही कंट्रोलर बनवतो. कंट्रोलर म्हणजे भिंतीवरची एक पेटी. तिच्यात छोटा कॉम्प्युटर असतो. रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे रसायनं ढवळायच्या मोठ्या बंद टाकीत, तापमान वाढलं की ही पेटी सायरन वाजवते. सायरन ऐकून ऑपरेटरनं धावत जायचं आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा. या पेटीतलं सॉफ्टवेअर मी लिहिते. एकवीस वर्षं झाली.

आता असेंब्ली म्हणजे काय ते सांगते. आम्ही नेहमी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो, त्यात 'पोलादपूरला जा' एवढं म्हटलं की भागतं; त्याची पावलं कॉम्पायलर नावाचा प्रोग्रॅम करून देतो. असेंब्लीत मात्र डावा पाय उचल, पुढे टाक, आता उजवा उचल, असं पोलादपूरपर्यंत सांगत बसावं लागतं. शिवाय ते सगळं एकाच जातीच्या चिपला कळतं. उद्या चिप बदलली की पहिल्या पावलापासून पुन्हा सुरुवात.

"आपल्या सिस्टिमच्या दोन लाख ओळी आहेत," मी म्हटलं. "असेंब्लीत त्याच्या कितीतरी पट होतील. सॉफ्टवेअरची माणसं तीन. त्यातला एक नेहमी रजेवर."

"पण वेग वाढेल ना? क्लायंटच्या कन्सल्टंटनं सांगितलंय, असेंब्ली सगळ्यात फास्ट."

"जो तुकडा खरंच असेंब्लीत हवा, तो आधीपासून असेंब्लीत आहे सर. उरलेलं कॉम्पायलर माझ्यापेक्षा चांगलं लिहितो. हे ज्यानं सुचवलंय, त्यानं आयुष्यात असेंब्लीच्या दहा ओळी तरी लिहिल्यात का?"

सर उठले. क्लायंटचं पत्र तेवढं टेबलावर ठेवून गेले. तीन आठवड्यांपूर्वी त्या कारखान्यात रिअ‍ॅक्टर तापला होता. वरची सेफ्टी डिस्क, म्हणजे दाब वाढला की वाट करून देणारी पातळ चकती, फुटली, वाफ बाहेर आली आणि दोन कामगार भाजले. दोघंही वाचले. पत्रात प्लँट मॅनेजर करंदीकरांनी लिहिलं होतं, की तुमची सिस्टिम स्लो असल्यामुळे सायरन उशिरा वाजतो. तरी ती असेंब्लीत नव्यानं लिहून द्यावी आणि सर्व जुने कंट्रोलर तातडीनं परत न्यावेत.

दुसऱ्या दिवशी संतोष सकपाळ आला. त्या रिअ‍ॅक्टरवरचा ऑपरेटर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी आहे. ऑपरेटरांचं ट्रेनिंग मीच घेतलं होतं, म्हणून तो मला ओळखत होता. एसटीनं आला होता आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून एक कागद आणला होता.

"मॅडम, ह्यावर सही कर म्हनतात. मी नाय केली."

कागद वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सायरन वेळेवर वाजला होता, ऑपरेटर जागेवर नव्हता, व्हॉल्व्ह उशिरा उघडला, सबब त्याला कामावरून का काढू नये, असं त्यात विचारलं होतं. हे मान्य आहे म्हणून त्यानं सही करायची, नाहीतर गुरुवारी चौकशी. खाली करंदीकरांची सही. म्हणजे आम्हाला सांगायचं की सायरन उशिरा वाजतो, आणि या माणसाला सांगायचं की सायरन वेळेवर वाजला! दोन्ही कागदांवर सही त्याच हाताची, तीही त्याच आठवड्यातली.

"भोंगा वाजला तसा मी धावलो," संतोष म्हणाला. "व्हॉल्वला हात लावला तवरच वरचं फुटलं. भोंगाच येळेवर वाजला नाय तर मानूस कशाला धावंल?"

"मग आता काय करणार?"

"भाऊ मुंबईला हाय. तो बोलतो, सही टाक नि ये, वॉचमनचं बघतो. पन मॅडम, भाजला त्यातला एक माझ्याच वाडीतला हाय. मी गेलो तर त्याची आई काय समजंल? ह्यानंच जाळलं नि पळाला, असंच ना?"

त्याला चहा दिला आणि सांगितलं, चौकशी गुरुवारी आहे, तोवर सही करू नकोस.

मग मी कारखान्यात गेले आणि त्या पेटीतला लॉग काढला. लॉग म्हणजे पेटीची रोजनिशी. काय कधी झालं ते ती स्वतःच लिहून ठेवते. तापमानानं हद्द ओलांडली ती वेळ आणि सायरन वाजला ती वेळ, यांत पंचेचाळीस सेकंदांचं अंतर होतं. बरोबर पंचेचाळीस. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा वाटा सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकासुद्धा नव्हता. मशीन स्लो असेल तर ते कधी चाळीस सेकंद लावेल, कधी त्रेपन्न. असा नेमका उशीर माणूसच घालतो.

आमच्या कंट्रोलरमध्ये 'अलार्म डिले' नावाचं एक सेटिंग आहे. सेन्सरला वाफ लागली की आकडा क्षणभर उडतो आणि सायरन फुकट वाजतो. तसं होऊ नये म्हणून पेटीनं दोनेक सेकंद थांबून खात्री करायची, एवढाच त्याचा उपयोग. लॉगमध्ये अपघाताच्या आधीची एक ओळ होती : डिले दोनवरून पंचेचाळीस केला, पासवर्ड प्लँट मॅनेजरचा. सायरन वाजला की बॅच थांबते आणि प्रॉडक्शन मागे पडतं. साहेबांना त्याचा कंटाळा आला होता. आता जुन्या पेट्या परत न्यायची एवढी घाई का, तेही कळलं. पेटी गेली की रोजनिशीही गेली.

मी लॉगची प्रिंट शेटे सरांपुढे ठेवली.

"हे पान रिपोर्टमध्ये नको," ते म्हणाले.

"रिपोर्टमध्ये हेच पान आहे. दुसरं काही नाही."

"मॅडम, क्लायंट जाईल."

"जाऊ दे! मी दोन लाख ओळी पुन्हा लिहीन सर, म्हातारी होईपर्यंत लिहीन. पण असेंब्लीतही पंचेचाळीस सेकंद पंचेचाळीसच असतात. आणि तोवर त्या माणसाच्या कपाळावर काय लिहिलं जाईल?"

माझा आवाज बाहेर गेला असावा, कारण सोल्डरिंगवाल्या मुलींचं बोलणं बंद पडलं. सरांनी प्रिंट घडी करून माझ्याकडे सरकवली. शेवटी म्हणाले, "गुरुवारी मी येणार नाही. तुम्हाला अडवणारही नाही." त्यांच्याकडून मला यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हती.

गुरुवारी कारखान्यातल्या चौकशीत मी दोन्ही पत्रं आणि लॉग शेजारी शेजारी ठेवले. एचआरच्या बाईंनी तिन्ही कागद दोनदा वाचले. संतोष हात बांधून उभा होता. त्याला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. मीच एक खुर्ची ओढून त्याला बसवलं.

करंदीकर अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, हे सेटिंग तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. साठपर्यंत जातं. मी तुमच्या मर्यादेतच राहिलो."

हा माणूस आता माझ्यावर खापर फोडतोय म्हणून मी उसळून बोलायला गेले आणि थांबले. कारण ते खरं होतं. साठ हा आकडा मीच टाकला होता.

संतोषला कामावर कायम ठेवलं आणि त्याला दिलेला तो कागदही मागे घेतला. करंदीकरांना दुसऱ्या प्लँटला पाठवलं. ती शिक्षा होती की बढती, मला कळलं नाही. असेंब्लीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. शेटे सर दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

सिस्टिममध्ये अखेर एक ओळ बदलली. साठच्या जागी तीन. दुपारच्या जेवणाआधी काम झालं. मी ते त्या पेटीत भरत होते तेव्हा संतोष शेजारी येऊन उभा राहिला. मी त्याला सांगितलं, आता तीनच्या वर कुणालाच जाता येणार नाही.

"आदी साठ का ठेवलं व्हतं?"

"एवढं कुणी वापरेल असं वाटलं नव्हतं."

"मंग ठेवलं कशाला?"

त्यानं रागानं विचारलं नव्हतं, त्याला खरंच कळत नव्हतं. इतके दिवस मी शेटे सरांवर, करंदीकरांवर, त्या न पाहिलेल्या कन्सल्टंटवर संतापले होते, आणि आता मी स्क्रीनवरचा तो तीनचा आकडा पुन्हा तपासत बसले. तो त्याच्या व्हॉल्व्हकडे निघून गेला.

तेव्हापासून सेटिंगची मर्यादा लिहिताना मी एवढंच धरून चालते, की जो आकडा आपण देतो तो कुणीतरी वापरणारच.