मनकर्णाअक्कांची कातडी

मनकर्णाअक्का माझ्या यजमानांची थोरली बहीण. जसोंडीला दिलेली, सगळा जन्म केळी आणि कापसात गेलेला. गावात कुणी बाळंतीण अडली की पहिली हाक अक्कांना. त्यांना स्वतःला मूल नाही. आमच्या अलकाचं नाव आत्या म्हणून त्यांनीच पाळण्यात ठेवलं, आणि तेव्हापासून ती त्यांचीच झाली.

या उन्हाळ्यात अंघोळीचं उकळतं पाणी अलकाच्या पाठीवर सांडलं. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, जखम झाकली नाही तर पोर हाती लागणार नाही. तिची स्वतःची कातडी काढून लावायची, पण ते सोसण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. तोवर दुसऱ्या कुणाची तात्पुरती लावायची. मी पोटुशी, यजमान मलेरियातून नुकते उठलेले. अक्काच पुढे झाल्या.

"माझी घ्या. नाव मी ठेवलं तिचं, हक माझा हाय."

त्यांच्या मांडीची कातडी अलकाच्या पाठीवर चिकटली, गुलाबी झाली. मग डॉक्टरांचं 'तात्पुरती' कोणाच्या ध्यानात राहतंय? अक्का लंगडत लालबागला आमच्या घरी आल्या, हरभरे भिजवले, आणि बारशाला वाटतात तशा घुगऱ्या सगळ्या गल्लीत वाटल्या. "पोरीचा दुसरा जन्म झाला," म्हणाल्या, "या बारीला माझ्या अंगातून."

पंधरवड्यात कातडी काळवंडली आणि पट्टीबरोबर निघून आली. अक्कांनी लगेच लुगडं सावरत दुसरी मांडी पुढे केली. डॉक्टरांनी मान हलवली. "तुमची पुन्हा लावली तर याहून लवकर गळेल. तिच्या शरीरानं आता तुम्हाला ओळखलंय."

अक्का लालबागला परतल्या. मीही घरचं बघायला आले होते. नळावर शेजारची कोकिळा मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "वांझेचं ते, रुजणार कुठून? उगाच घुगऱ्या खाल्ल्या आपण." अक्का माझ्या मागेच उभ्या होत्या. मी बी. ए. झालेली बाई, हंडा भरत राहिले. त्याच दुपारी अक्का जसोंडीला निघून गेल्या.

आता अलकाची तब्येत सुधारली आहे. परवा तिच्याच मांडीची कातडी तिच्या पाठीवर लावायची आहे. पण आत्या आल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही म्हणून ती हटून बसली आहे. म्हणून आज जसोंडीला गेले.

अक्का गोठ्यातून बाहेर येईनात. "मी नाही येत. माझी सावली नको तिच्यावर."

मी डॉक्टरांचं सांगितलं. शरीर आपलं आणि परकं ओळखतं, परकं असेल ते काढून टाकतं, त्यात कुणाचा दोष नसतो. शिवाय तेवढे दिवस अक्कांच्या कातडीनं जखम झाकली, म्हणून पोर जगली.

त्यांनी शेणाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे परकीच ना मी?"

मी म्हटलं, "अक्का, माझी लावली असती तरी गळलीच असती."

"जा गं. तू आई हायेस."

"डॉक्टरांना विचारलं मी. आईची नाही टिकत, बापाची नाही टिकत. फक्त एकसारख्या जुळ्या भावंडांची टिकते."

"सच सांगतेस?"

"पोटच्या लेकराची शपथ."

अक्कांनी शेणाचे हात बादलीत धुतले. मग त्यांना एकदम हसू आलं. "म्हणजे नऊ महिने पोटात ठेवून तू बी परकीच!" आणि तसंच हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला.

यायला तयार झाल्या. एकच अट घातली. "गल्लीतून नाही येणार. उद्या गाडीच्या वेळेला रुळांच्या अंगानं टेशनावर येते. तू पोरीचे कपडे घेऊन तिथंच भेट."

मी बरं म्हटलं, लगेच. कोकिळेच्या दारावरून त्यांना घेऊन जावं लागणार नाही, म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. आता अलकाचे फ्रॉक घडी करून पिशवीत भरते आहे, आणि वाटतं, आमच्या पोरीसाठी अंग सोलून दिलेली बाई चोरासारखी रुळांवरून येणार, आणि ते मी कबूल करून आले.