स्थळ बघायला

आमच्या अंबडच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे गृहस्थ रजेचं एकच कारण सांगतात, "स्थळ बघाया जाऊन राह्यलो, साहेब." घरात लग्नाची पोरगी, त्यामुळे साहेब लगेच सही करतात. जमत मात्र काही नाही. परत येतात ते बिलकुल खुशीत, आणि हळहळतं सगळं ऑफिस.

एकदा मला म्हणाले, "अण्णा, तुमी बी चला." बोलणीला मोठं माणूस पाहिजे असेल म्हणून मी इस्त्रीचा सदरा घातला, पेढे घेतले. इगतपुरीला उतरल्यावर त्यांनी मला घाटातल्या एका खडकावर नेऊन बसवलं.

"पाहुणे कुठं आहेत?" मी विचारलं.

"येऊन राह्यले."

खालून लांबलचक मालगाडी चढत आली. पुढून इंजिनं ओढत होती, मागून इंजिनं ढकलत होती. गृहस्थांनी उठून टोपी नीट केली आणि शेवटचा डबा बोगद्यात जाईपर्यंत ते खाली बसले नाहीत.

"आणि पोरीचं स्थळ?" मी विचारलं.

"मी पोरीचं नाव तरी घेतलं का, अण्णा? जागेला स्थळच म्हणतेत."

मंग आम्ही पेढे खाल्ले.

सोमवारी साहेबांनी माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारलं, "हेही स्थळ गेलं म्हणे. पोरीत काही खोट आहे का हो?"

शेजारचं पेन थांबलं.

"पोरगी बराबर आहे, साहेब," मी म्हणालो. "बापालाच आलेलं स्थळ निघून जाताना बघायला आवडतं."