भासऱ्याईची चावी मी बाद केली

लोक म्हणतात, सूड घेऊन माणसाले शांती भेटत नाही. म्हणत असतील बाप्पा. मले तर भेटली. त्या दिवशी मी पंगतीत बसून वाढप्याले हाक मारून बुंदी मागून घेतली, अन् बोटं चाटून खाल्ली.

गाडी माही होती, हे आधी सांगते. कारण गावातल्या अर्ध्या लोकाईले ते अजून पटत नाही. आमच्या ह्याईनं घेतली, मग हे गेले अन् कागद माह्या नावावर झाले. चालवणं मी दिग्रसले जाऊन शिकली. पयल्यांदा गावातून गाडी काढली तेव्हा पारावरचे म्हातारे असे उठून उभे राह्यले जसा कोणी मंत्रीच चालला. बसा म्हटलं, बसा, तुमच्या अंगावर नाही घालत.

गाडीसोबत दोन चाव्या आल्या होत्या. एक माह्याजवळ. दुसरी ह्याईच्या तेरवीच्या गडबडीत माह्या भासऱ्याईनं, म्हणजे ह्याईच्या मोठ्या भावानं, खुंटीवरून काढली अन् आपल्या करदोट्याले बांधली. कंबरेच्या त्या काळ्या दोऱ्याले त्याईच्या गोदामाची चावी होतीच, तिच्या बाजूले माह्या गाडीची लटकली. घरचीच गाडी हाये म्हणे. आमचं अंगण एकच, चुली दोन. सकाळी उठून पाहावं तं गाडी हाये का गेली, हे अंगणात डोकावल्यावरच कळे.

मग मागितली काहून नाही, असं तुम्ही म्हणसान. कशी मागू? आमच्यात सून भासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, अन् काही सांगायचं असन तं जावेच्या तोंडून. आजकालच्या पोरी बोलतात, त्याईचं भलं होवो. मी घाटातून गाडी काढाले शिकली, पण भासऱ्यापुढं तोंड उघडाले नाही शिकली. जावेले म्हटलं, बाई, चावी मागा न. जाऊ सांगे, अन् तिकून निरोप येई, पाहू म्हणतात. पाहू म्हणजे आमच्या घरात नाही.

त्या हिवाळ्यात मायच्या गावाहून तिच्या शेजारणीचा फोन आला. माय मुकुटबनजवळ एकटीच राहे. शेजारीण म्हणाली, "अवं, माय तुही वाट पाहून राह्यली. खात नाही काही. उद्या येच." संध्याकाळचीच गोष्ट. मी लगेच जावेकडं गेली. बाई, सकाळी मले गाडी लागते, माय सिरीयस हाये, सांगून ठेवा. जावेनं माह्यासमोर आत जाऊन सांगितलं. भिंतीआडून त्याईचं "हो हो" मी माह्या कानानं ऐकलं.

सकाळी डबा बांधून, मायसाठी शाल घेऊन बाहेर आली तं अंगण खाली. चाकाचे वळ फक्त. माह्या हातात माही चावी, अन् समोर गाडीच नाही. जावेनं फोन लावला. तिकून हलगीचा आवाज, लोकाईचा हल्लाकल्ला. भासरे दोस्ताईले गाडीत भरून शंकरपट पाहाले गेलते! बैलाच्या शर्यती! अन् जावेले म्हणतात कसे, "एसटी बंद हाये का? एसटीनं जाय म्हणा तिले."

गेली एसटीनं. यवतमाळले उतरली, पांढरकवड्याच्या गाडीची वाट पाहिली, तिथून पुढं पुन्हा वाट पाहिली. खिडकीतून कापसाची वावरं चालली होती अन् मी मनातल्या मनात डायव्हरले शिव्या देऊन राह्यली होती. त्या बिचाऱ्याचा काय दोष. मी पोचली तेव्हा मायच्या तोंडात तुळशीचं पान होतं.

दिवस करून मी परत आली तं गाडी अंगणात उभी. मागच्या सीटवर तंबाखू-खर्र्याच्या पन्न्या, पायाखाली भुईमुगाची टरफलं. जावेच्या तोंडून निरोप आला, व्हायचं होतं ते झालं, वाईट वाटून घेऊ नको म्हणा. बस, इतकंच. मी टरफलं झाडली, सीट पुसली, अन् मनात म्हटलं, थांबा. तुमचंही होईन.

नुसता राग धरून काय होते? राग तर बायका जन्मभर धरतात, भाकरी थापतात अन् मरून जातात. मले काही तरी करायचं होतं. काय, ते मात्र सुचत नव्हतं.

सुचलं ते दिग्रसच्या चावीवाल्या चाचाच्या दुकानात. माह्या चावीचं बटन बसलं होतं, म्हणून गेलती. चाचानं चावी खोलून पाहिली अन् म्हणाला, "ताई, ये तो गई. नयी बनवावी लागन." मग समजावून सांगितलं. या चावीच्या पोटात बारीक चिप राहाते, गाडी तिले ओळखते. नवी ओळख द्यायची तं स्टेअरिंगच्या खाली मशीन लावून गाडीच्या जुन्या साऱ्या ओळखी पुसा लागतात. "घर में जितनी चाव्या हैं, सब लेके आना," चाचा म्हणाला. "जो सामने नाही राहीन, ते बाद. दरवाजा खुलेगा, पर गाडी चालू नहीं होगी."

मी म्हटलं, "बाद म्हणजे एकदम बाद?"

"एकदम. लोहे का टुकडा."

मायबाई! असा आनंद मले ह्याईच्या मागं पयल्यांदा झाला. चाचा लगेच मशीन काढाले लागला. मी म्हटलं, आज नको चाचा. आमच्या घरी लग्न हाये. लग्नाच्या आदल्या दिवशी येते.

लग्न भासऱ्याईच्या पोराचं होतं. पोरगा गुणाचा, त्याच्याशी माहं काही वाकडं नव्हतं. पण नवरदेवाची गाडी म्हणून माहीच गाडी ठरली होती, अन् मले कोणी इचारलंही नव्हतं. सोयऱ्याईले भासरे सांगत फिरले, गाडी आपलीच हाये, मी स्वतः चालवत नेतो पोराले. म्हणजे बापाले मुद्दाम मिरवायचं होतं.

आदल्या दिवशी ते मांडवाच्या कामात होते. मी जावेले सांगितलं, टेलरकडून ब्लाऊज आणते. दिग्रसले गेली. चाचानं गाडीचे कागद पाहिले, आधार पाहिलं, मशीन लावली. "दुसरी चाबी?" म्हणाला. मी म्हटलं, घरात सापडत नाही. खोटं कुठं होतं? माह्या घरात नव्हतीच. मशीनवर काही आकडे आले अन् गेले, चाचानं माह्या हातात नवी चावी ठेवली. येताना ब्लाऊजही आणला, नाही तं जावेले शंका आली असती. गाडी अंगणात लावली, बटन दाबून लॉक केली. भासऱ्याईनं पोरं लावून तिले झेंडूच्या माळा चढवल्या.

सकाळी बाशिंग बांधून नवरदेव बाहेर आला. बँडवाले वाजवून राह्यले, बायका अक्षता घेऊन उभ्या, अर्धं गाव गोळा. भासरे फेटा बांधून ऐटीत आले, धोतराच्या कंबरेतून करदोटा ओढला, बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. "सेल गेला असन," म्हणाले अन् चावी दारात घालून फिरवली. दार उघडलं, अन् गाडी बोंबलाले लागली! पें पें पें पें! चोर धरल्यासारखी! बँड बंद पडला. नवरदेवानं कानावर हात ठेवले. भासरे आत बसले, चावी फिरवतात, समोर लाल दिवा लुकलुक करते, गाडी काही चालू होत नाही. उतरले, बोनेट उघडलं, बंद केलं, चाकाले लाथ मारली. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "काहून बाप्पा, गाडी कोणाची आणली?" सारे खी खी हसले. त्याईचं तोंड असं लाल झालं का फेटा फिका पडावा.

मी बायकाईत उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. चावी माह्या कंबरेले खोचलेली. मन भरेपर्यंत ऐकलं, मग पदराआडून बटन दाबलं. नेमकी तेव्हाच त्याईनं बोनेटवर थाप मारली होती. भोंगा थांबला तं त्याईले वाटलं, आपणच थांबवला. पण गाडी काही हलली नाही. शेवटी कापूस वाहाच्या पिकअपमध्ये, डायव्हरच्या बाजूले बसून नवरदेव गेला. मागं बापही, उभ्यानं, दांडा धरून.

लग्नानंतर त्याईनं ती चावी कोणाले तरी दाखवली, अन् त्याईले कळलं. जावेच्या तोंडून निरोप आले. आधी शिव्या, मग धमकी, मग गोडी. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. भासऱ्याशी बोलायचं नसते न!

मग एका दुपारी ते स्वतःच आले. दारात खाकरले, मी पदर घेतला. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. भिंतीकडं पाहत म्हणाले, "झालं ते झालं. पण एक चावी माह्याकडं असू दे. उद्या कोणाले दवाखान्यात नेणं पडलं, तं कुठं धावायचं?"

माह्या डोक्यात काय झालं माहीत नाही. पदर तसाच होता, पण मी मान वर केली.

"माह्या मायची खाट अंगणात उन्हात टाकलेली राहे," मी म्हटलं. "तिले उन्हातच बरं वाटे. त्या सकाळी तिनं शेजारणीले सांगून खाट आत नेली. लेक गाडी घेऊन येते म्हणे, गाडी लावाले जागा पाहिजे. शेजारीण म्हणाली, आल्यावर सरकवू. ऐकलंच नाही तिनं. आत अंधारात पडून राह्यली, अंगण खाली ठेवून. तशीच गेली."

ते म्हणाले, "मले माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं," मी म्हटलं. "चावी नाही भेटत."