भरधाव धनिकपुत्र

"अहो, जोरात या की. वरात आहे का ही?"

धायरीच्या रस्त्यात मधोमध उभा राहून बातम्यांच्या वाहिनीचा वार्ताहर माझ्यावर ओरडत होता. त्याच्या शेजारी कॅमेरामन घाम पुसत होता. मी माझ्या लाल, दोन दारांच्या स्पोर्ट्स कारमध्ये स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो आणि समोर स्पीडब्रेकर होता. स्पीडब्रेकर कसला, सिंहगडाचा धाकटा भाऊ. ट्रेकिंगवाल्यांनी रविवारी त्यावर चढून वर पिठलं-भाकरी खावी, असा.

"साहेब, आधी मित्राला उतरवतो," मी म्हणालो.

"ते कशाला?"

"त्याच्यासकट गेलं की तळ घासतो."

शेजारचा मित्र सवयीनं उतरला. तो माझ्याबरोबर बसायचा कमी आणि चालायचा जास्त. वारज्याहून ऑफिसपर्यंत तो माझ्या गाडीनं जाई तेव्हा निम्मं अंतर पायीच होई. वर्षभरात त्याचं पोट इतकं उतरलं की त्याच्या डॉक्टरनं त्याला विचारलं, जिम कुठली लावलीत?

ही गाडी मी घेतली, तेव्हा आयटीत अशी हवा होती की पगार वाढला की माणूस आधी फ्लॅट बुक करायचा आणि मग गाडी घ्यायचा. मी क्रम चुकवला. परदेशी निघालेल्या एका गृहस्थाकडून सेकंडहँड मिळाली म्हणून उचलली. इंजिन असं, की नुसतं चालू केलं तरी आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या लोणच्याच्या बरण्या फळीच्या टोकाला येत. तिच्या पुस्तकात जो वेग छापला होता, तो वाचूनच मला घेरी आली होती. प्रत्यक्षात पुण्यात दुसऱ्या गिअरच्या पलीकडे तिला काही आहे, याचा पत्ताच लागला नाही. तिसरा गिअर मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा चुकून.

पण वर्तमानपत्रांना हे कोण सांगणार? त्यांचं व्याकरण ठरलेलं. साध्या गाडीचा ब्रेक निकामी होतो, टेम्पोवरचा ताबा सुटतो, पण लाल गाडीचा मालक माजलेलाच असतो. ती नेहमी भरधाव असते, आलिशान असते आणि आत धनिकपुत्र बसलेला असतो. माझे वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले. गाडी घेतली त्या दिवशी मी धनिकपुत्र झालो, पण आपण धनिक झालोय हे वडिलांना कुणी कळवलंच नाही. ते आपले दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालत राहिले.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मला लग्न करायचं होतं. मुलगी माझ्याच ऑफिसातली, टेस्टिंगला. तिची-माझी पसंती झालेली, अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. त्यांचं बिबवेवाडीत चष्म्याचं दुकान होतं. पहिल्या भेटीत त्यांनी खिडकीतून खाली उभी गाडी पाहिली, मग मला पाहिलं, मग पुन्हा गाडी पाहिली. "नंबर वाढलाय का" हे तपासावं तसं.

"हीच का ती?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे कोणती, काका?"

"पेपरात असते ती."

एवढंच. पुढं दोन महिने होकार नाही, नकार नाही. मुलगी म्हणाली, "बाबा रोज सातच्या बातम्या बघतात, आणि तुझ्या गाडीसारखी गाडी दिसली की जेवत नाहीत."

अशात हा वार्ताहर भेटला. विषय म्हणाला, 'तरुण आयटीवाल्यांचे छंद'. कार्यक्रम सातच्या बातम्यांत, तोही काका बघतात त्याच वाहिनीवर. मला वाटलं, घोड्यानं स्वतःहून येऊन लगाम हातात दिला. काकांना त्यांच्याच टीव्हीवर दाखवून द्यायचं, की हा मुलगा सज्जन आहे, सिग्नल पाळतो, आईला डोळ्यांच्या तपासणीला घेऊन जातो. हे तिसरं मी कधी केलं नव्हतं, पण मुलाखतीत सांगायचं ठरवलं होतं.

तर, धायरी. मित्र उतरला. मी गाडी तिरकी केली, पुढचं एक चाक चढवलं, श्वास रोखला, दुसरं चढवलं. मित्र वाकून तळ बघत "येऊ दे, येऊ दे, थांब, येऊ दे" करत होता. मागून एक मावशी म्हशी घेऊन आल्या. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "काय झालंय गाडीला? ढकलायची हाय का?"

"नाही मावशी, चालू आहे."

"ही चालू हाय व्हय?" म्हणून त्या म्हशींना घेऊन बाजूनं पुढं गेल्या.

वार्ताहरानं कपाळाला हात लावला. मग स्वतःचा गॉगल मला घातला, शर्टाचं वरचं बटण उघडायला लावलं आणि माईक पुढं करून विचारलं, "नियम तोडताना काय वाटतं?"

मी आधीच घोकलेलं ठणकावून सांगितलं, "नियम तोडण्यात मजा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्या गाडीत बसावं आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला उतरावं." वाक्य मला इतकं आवडलं की ते मी दोनदा म्हटलं. आईच्या डोळ्यांचं राहूनच गेलं.

त्या संध्याकाळी पावणेसातलाच मी बिबवेवाडीला हजर. मुलीच्या आईनं, काकूंनी, पोहे दिले. काका खुर्चीत, मी सोफ्याच्या कडेवर, मुलगी दारात. सात वाजले आणि पडद्यावर लाल अक्षरं कोसळली. 'रस्त्यावरचे मस्तवाल राजे'. मागे ढोल. मग माझी गाडी, तिच्याभोवती लाल वर्तुळ, आणि ती गाडी सुसाट सुटलेली. मी स्वतः दचकलो. एवढ्या वेगानं मी आयुष्यात कुठं गेलो नव्हतो, विमानातसुद्धा नाही. मग गॉगलमधला मी, शर्टाचं बटण उघडं. "नियम तोडण्यात मजा आहे," मी म्हणालो, आणि उरलेलं वाक्य कात्रीनं खाल्लं.

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलीनं कपाळ दाराच्या चौकटीला टेकवलं. झालं, मी मनात म्हटलं, आता मुंबईला बदली मागायची.

पण वाहिन्यांचा एक गुण मान्य करायला हवा. एकदा दाखवून त्यांचं पोट भरत नाही. तेच दृश्य दुसऱ्यांदा आलं, तिसऱ्यांदा आलं. चौथ्यांदा आलं तेव्हा काका उठले, चष्मा नाकावरून वर सरकवला आणि टीव्हीपाशी जाऊन उभे राहिले. पाचव्यांदा ते वाकले.

"हा कोण? खारीसारखा उतरून पळतोय तो?"

"माझा मित्र आहे, काका. स्पीडब्रेकरला उतरतो."

"रोज?"

"रोज."

सहाव्यांदा दृश्य आलं. काकांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि ही म्हैस?"

मी पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यातून मावशींची एक म्हैस चारी पाय उधळत, रेसच्या घोड्यासारखी निघाली होती. मागून मावशी लुगड्याचा काष्टा मारलेल्या, धावपटूला लाजवेल अशा वेगात. वाहिनीनं माझी गाडी पळवताना अख्खी धायरी पळवली होती.

"पोट सुटलेली म्हैस आहे," काका म्हणाले. "अशी पळत नसते." मग जरा थांबून, "आणि तुमच्या पुढं गेली."

"हो, काका."

"तुम्हाला ओव्हरटेक करून."

"त्या मावशी थांबून चौकशीसुद्धा करून गेल्या."

काकांनी टीव्ही बंद केला. खुर्चीत येऊन बसले, चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. तो इतका वेळ पुसला की भिंगं झिजून नंबर कमी झाला असेल. शेवटी काकूंनाच राहवलं नाही.

"अहो, मग काय सांगायचं यांच्या घरी?"

"मुलगी द्यायला हरकत नाही," काका म्हणाले. "फक्त तिची स्कूटर ती बरोबर घेऊन येईल. तिला ऑफिसला वेळेवर पोचायचं असतं."